ऑफिसचे वाय-फाय : जागा, चॅनेल, पासवर्ड आणि जबाबदारी

सीएची फर्म असो, पतसंस्था असो, वकिलांचे ऑफिस असो की पंचवीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, वाय-फायबद्दलची तक्रार सगळीकडे एकाच वाक्यात येते : ‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही.’ तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात. कुणी कनेक्शनचा स्पीड वाढवायला सांगते, कुणी महागडा राउटर घ्यायला, तर कुणी आणखी दोन डबे लावायला. पुष्कळदा तिन्हींवर खर्च होतो आणि तक्रार तशीच राहते.

ऑफिसच्या नेटवर्कवर ॲक्सेस पॉइंट कसा बसवावा आणि कसा जुळवावा, याबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत बराच अनुभव साठला आहे. काही मुद्दे आता वादापलीकडे गेले आहेत, काहींवर जाणकारांत खरे मतभेद आहेत, तर काही प्रश्न धोरणापाशी अडले आहेत. हे तिन्ही वेगवेगळे करून मांडणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. घरी बसवलेला एकच डबा तीन कामे करतो : इंटरनेटची लाइन घेणारा राउटर, वायरी जोडणारा स्विच आणि हवेत सिग्नल सोडणारा ॲक्सेस पॉइंट. ऑफिसात ही कामे सहसा वेगवेगळ्या यंत्रांकडे असतात. तारेवरचे नेटवर्क हवेत नेणे एवढेच ॲक्सेस पॉइंटचे काम. इंटरनेट आणणे किंवा प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटणे हे त्याचे काम नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे झाले आणि बिनतारी नेटवर्कची वाट उघडली. आयट्रिपलई या संस्थेने ८०२.११ हे पहिले मानक १९९७ मध्ये आणले. त्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो अकरावर गेला आणि ‘वाय-फाय’ हे नावही त्याच वर्षी पुढे आले. २००९ चे ‘एन’ मानक, २०१३ चे ‘एसी’, मग वाय-फाय ६ आणि २०२४ च्या सुरुवातीपासून प्रमाणपत्र मिळू लागलेले वाय-फाय ७ अशी पुढची वाटचाल आहे.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग मोकळा व्हायला मात्र ऑक्टोबर २०१८ उजाडले. तेव्हा त्या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा मिळाली. त्यामुळे आपल्याकडची अनेक ऑफिसे दीर्घकाळ २.४ च्या गर्दीतच चालली, आणि आजही जुनी हजेरी मशीन, प्रिंटर, बारकोड स्कॅनर यांना तोच एक पट्टा कळतो.

सुरक्षेचा इतिहास याला समांतर चालला. पहिली डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्ये संशोधकांनी मोडून दाखवली. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आले. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येही ‘क्रॅक’ नावाचा दोष सापडला. तो सॉफ्टवेअर अपडेटने बुजवता आला. डब्ल्यूपीए३ हे २०१८ चे मानक आहे.

महाराष्ट्रात हा विषय तांत्रिक वर्तुळाबाहेर आला तो २००८ मध्ये. जुलैतल्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. सप्टेंबरमधल्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून पाठवला गेला. त्या घरातल्या आणि कंपनीतल्या लोकांचा कटाशी संबंध नव्हता, पण तपासाचा पहिला धागा त्यांच्याच आयपी पत्त्यापाशी जाऊन पोचला. पुढे मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी नेटवर्क शोधण्याची मोहीम घेतली आणि दूरसंचार विभागाने २००९ मध्ये वाय-फाय सुरक्षेबाबत सूचना काढल्या. ॲक्सेस पॉइंट बसवणे म्हणजे एक जबाबदारी अंगावर घेणे आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

पहिला प्रश्न : किती आणि कुठे

जुना विचार असा, की एक जोरदार ॲक्सेस पॉइंट मध्यभागी लावावा आणि त्याची शक्ती पूर्ण ठेवावी. खर्च कमी होतो, वायरिंग थोडे लागते आणि सगळीकडे ‘रेंज’ दिसते. छोट्या, मोकळ्या हॉलमध्ये हे आजही चालते.

दुसरी भूमिका गेल्या दशकात बळावली : ॲक्सेस पॉइंट थोडे जास्त घ्या, पण प्रत्येकाची शक्ती कमी ठेवा. यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. वाय-फाय म्हणजे एकाच खोलीत चाललेली बैठक. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते, बाकीच्यांनी थांबायचे. दूर बसलेला, कमजोर सिग्नलवरचा एक लॅपटॉप हळू बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. शिवाय संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. ॲक्सेस पॉइंटची शक्ती वाढवली तर त्याचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा ट्रान्समीटर दुबळा असल्याने त्याचे उत्तर परत पोचत नाही. ‘रेंज फुल, नेट नाही’ या तक्रारीचे एक मोठे कारण हेच आहे.

इमारतीचा प्रभाव या वादात निर्णायक ठरतो. पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जाड दगडी भिंती, कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंती, आरसीसीच्या लिफ्टच्या विहिरी आणि रेकॉर्ड रूममधली लोखंडी कपाटे यांतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार लवकर मरतो. नव्या व्यापारी संकुलांत प्लायवूड आणि जिप्समच्या पार्टिशनमधून तो सहज जातो, पण शेजारच्या ऑफिसांचे सिग्नलही तितक्याच सहज आत येतात. त्यामुळे ‘इतक्या चौरस फुटांना एक’ असे गणित फसवे आहे.

मोजणीला पर्याय नाही, यावर आज बहुतेकांचे एकमत आहे. ती करायला फार काही लागत नाही. ॲक्सेस पॉइंट तात्पुरता एखाद्या स्टँडवर छताच्या उंचीला धरावा, केबिनची दारे लावून घ्यावीत आणि फोनमधले सिग्नल मोजणारे ॲप घेऊन प्रत्येक टेबलापाशी उभे राहावे. आकडा उणे डीबीएममध्ये येतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे तुटायला लागतो. दर तीन डीबीएमच्या घसरणीला सिग्नलची शक्ती निम्मी होते, म्हणून उणे ६७ आणि उणे ७३ यांतला फरक चौपट असतो. हे आकडे ऑफिसच्या नकाशावर पेन्सिलीने लिहिले, की ॲक्सेस पॉइंट पॅसेजमध्ये हवा की हॉलमध्ये, हे वाद न घालता ठरते. मोठ्या जागांसाठी सॉफ्टवेअरवर आधीच अंदाज बांधणारी पद्धतही आहे. तिचे समर्थक वेळ वाचतो म्हणतात, तर भिंतींची माहिती चुकली की अंदाजही चुकतो, असे टीकाकार सांगतात. मोठ्या कामात आधी अंदाज आणि नंतर प्रत्यक्ष मोजणी असे दोन्ही केले जाते.

दुसरा प्रश्न : केबल की मेश

ॲक्सेस पॉइंटपर्यंत केबल न्यायची, की एका ॲक्सेस पॉइंटने दुसऱ्याला हवेतूनच जोडून घ्यायचे, हा दुसरा वाद. मेशच्या बाजूने ठोस मुद्दे आहेत. भाड्याच्या जागेत मालक भिंत फोडू देत नाही, वारसा इमारतीत केबलच्या पट्ट्या मारता येत नाहीत आणि काम एका दिवसात उरकायचे असते. विरोधातला मुद्दाही तितकाच ठोस आहे : मेशमधला दुवा त्याच रेडिओवर चालत असेल, तर हवेतल्या प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. दुव्यासाठी वेगळा रेडिओ असलेली यंत्रे हा तोटा कमी करतात, पण संपवत नाहीत. म्हणून जिथे केबल शक्य आहे तिथे केबलच, मेश ही अडचणीची सोय, हे मत ऑफिसांपुरते बरेच स्थिरावले आहे.

केबल न्यायची ठरली, की वीजही तिच्यातूनच न्यावी. पीओई नावाच्या या पद्धतीचे पहिले मानक २००३ चे. त्यात स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉट मिळतात, तर २००९ च्या मानकात ३० वॉट. याचा फायदा फक्त छताजवळ प्लग पॉइंट काढावा लागत नाही एवढाच नाही. रॅकमधला एक स्विच यूपीएसवर टाकला, की वीज गेल्यावर सगळे ॲक्सेस पॉइंट एकदम चालू राहतात. एखादा अडकला, तर शिडी न लावता स्विचवरूनच तो बंद-चालू करता येतो.

केबलचा दर्जा मात्र तपासून घ्यावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘कॅट ६’ मागितले, की स्वस्तात स्वस्त बंडल पुष्कळदा सीसीएचे निघते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. तिचा विरोध जास्त असतो. लांब अंतरावर पीओईची वीज पोचेपर्यंत व्होल्टेज पडते, केबल तापते आणि ॲक्सेस पॉइंट मध्येच रीस्टार्ट होतो. शुद्ध तांब्याची केबल, शंभर मीटरच्या आतली धाव आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेले लेबल, या तीन गोष्टींवर कुणाचेच दुमत नाही. जुना शंभर मेगाबिटचा स्विच तसाच ठेवून वाय-फाय ६ चा ॲक्सेस पॉइंट लावला, तर वेग शंभरातच अडकणार, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

तिसरा प्रश्न : चॅनेल आणि त्याची रुंदी

२.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न अडवणारे म्हणून १, ६ आणि ११ हेच तीन वापरावेत, हा नियम सर्वमान्य आहे. ‘सगळे ३ वर आहेत, आपण ४ वर जाऊ’ असे केल्याने उलट दोन्हीकडून त्रास होतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये खरा मतभेद रुंदीवर आहे. २० मेगाहर्ट्झचे वीसहून जास्त चॅनेल मिळतात, ८० केले तर पाच-सहा उरतात, १६० केले तर दोन-तीन. रुंद चॅनेल घेतला की एका लॅपटॉपवरची स्पीड टेस्ट छान दिसते, म्हणून विक्रेते आणि ग्राहक दोघांनाही तो आवडतो. अनेक ॲक्सेस पॉइंट असलेल्या ऑफिसात मात्र २० किंवा ४० पुरे, कारण मग प्रत्येकाला वेगळा चॅनेल देता येतो, असे नेटवर्क आखणारे बहुतेक जण म्हणतात. एकच ॲक्सेस पॉइंट असलेल्या, शेजार नसलेल्या बंगल्यातल्या ऑफिसाला ८० घ्यायला हरकत नाही. ५ गिगाहर्ट्झमधले मधले चॅनेल रडारसाठीही राखलेले आहेत. त्यांवर जाताना ॲक्सेस पॉइंट आधी किमान एक मिनिट ऐकत थांबतो आणि रडार आढळले तर जागा सोडतो. विमानतळाजवळच्या ऑफिसांनी हे लक्षात ठेवावे. यंत्रातला देशाचा पर्याय ‘भारत’ असणे आणि यंत्राला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची सरकारी मान्यता, असणे, हा कायद्याचाच भाग आहे.

जुळवणीतली नेहमीची चूक

छोट्या ऑफिसांत वेगळा ॲक्सेस पॉइंट न घेता घरगुती राउटरच त्या कामाला लावला जातो. ते करता येते, पण एक गोष्ट हमखास राहते. समजा, ऑफिसचा मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. नवा राउटर कपाटातून काढला आणि त्याच्या लॅन पोर्टात केबल खोचली. त्यातली पत्ते वाटणारी सेवा, म्हणजे डीएचसीपी, चालूच राहिली. आता नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले. ज्या फोनला मुख्य राउटरने पत्ता दिला, तो चालतो. ज्याला नव्याने १९२.१६८.०.५ दिला, तो बाहेर जाण्यासाठी नव्या राउटरलाच विचारतो आणि तिकडे इंटरनेट नसतेच. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे नेट चालते, एकाचे नाही. संध्याकाळी कदाचित उलट होते. मग ‘व्हायरस आला’ अशी चर्चा सुरू होते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. नव्या यंत्राला १९२.१६८.१.२ असा, वाटपाच्या यादीबाहेरचा कायमचा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि केबल लॅन पोर्टातच ठेवावी. यंत्रात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला, की हे बरेचसे आपोआप होते. केबल वॅन पोर्टात गेली तर नेट चालेल, पण आतले वेगळे नेटवर्क तयार होईल आणि ऑफिसचा प्रिंटर सापडणार नाही.

चौथा प्रश्न : पासवर्ड एक की प्रत्येकाचा वेगळा

सगळ्यांना एकच पासवर्ड ही पद्धत सोपी, आणि दहा माणसांच्या ऑफिसात पुरेशी, असे एक मत आहे. तिची मर्यादा माणूस नोकरी सोडतो तेव्हा दिसते. पासवर्ड बदलायचा तर सगळी यंत्रे पुन्हा जोडावी लागतात, म्हणून तो बदललाच जात नाही. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे ८०२.१एक्समध्ये, प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या ओळखीने आत येतो आणि त्याचे खाते बंद केले की प्रवेश संपतो. त्यासाठी ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर लागतो, प्रमाणपत्रे सांभाळावी लागतात आणि ते जमणारा माणूस लागतो. बँका आणि मोठ्या कंपन्यांनी हीच वाट धरली आहे. मधला मार्गही निघाला आहे : नेटवर्कचे नाव एक, पण प्रत्येक माणसाला किंवा यंत्राला वेगळा पासवर्ड. मात्र ही सोय प्रत्येक कंपनीची आपापली असल्याने यंत्रे बदलताना अडचण होते.

पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क हवे, याबद्दल आता वाद नाही. त्यासाठी स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगळी नेटवर्क) करून पाहुण्यांची वाहतूक हिशेबाच्या सर्व्हरपासून तोडावी लागते. फक्त नाव वेगळे ठेवून काही होत नाही. हजेरी मशीन, कॅमेरे आणि स्मार्ट टीव्हीही वेगळ्या व्हीलॅनवर असावेत. याउलट नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठरावीक यंत्रांचे मॅक पत्तेच (यंत्रांचे ओळखक्रमांक) स्वीकारणे या दोन लोकप्रिय उपायांवरची भिस्त कमी झाली आहे. लपवलेले नाव साध्या साधनाने दिसते, आणि अलीकडचे फोन स्वतःचा मॅक पत्ताच बदलून सांगतात.

पाचवा प्रश्न : सांभाळणार कोण

ॲक्सेस पॉइंट दोन-तीन असतील, तर प्रत्येकाच्या आत जाऊन स्वतंत्र जुळवणी करता येते. दहा झाले की मध्यवर्ती नियंत्रण लागते. ते ऑफिसातल्याच यंत्रावर ठेवावे की क्लाउडवर, यावर मतभेद आहेत. क्लाउडवाल्यांचा मुद्दा असा, की नाशिक, कोल्हापूर, मडगावच्या शाखा पुण्यात बसून पाहता येतात आणि अपडेट वेळेवर होतात. स्थानिक नियंत्रणवाले उलट बाजू सांगतात : क्लाउडचे दरवर्षीचे परवाना शुल्क असते, काही कंपन्यांची यंत्रे परवाना संपला की काम थांबवतात, आणि ऑफिसचा तपशील बाहेरच्या सर्व्हरवर राहतो. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा तिसरा पर्याय स्वस्त आणि दीर्घायुषी आहे, पण जाणकार माणसावर अवलंबून आहे.

अजून न सुटलेले

पहिला न सुटलेला प्रश्न ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने २०२० मध्ये या पट्ट्यातले १,२०० मेगाहर्ट्झ वाय-फायला दिले. भारताने मे २०२५ मध्ये ५,९२५ ते ६,४२५ एवढ्या खालच्या भागासाठी परवानामुक्तीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. वरचा भाग मोबाइल सेवेला हवा, असे दूरसंचार कंपन्या म्हणतात, तर वाय-फायलाच हवा, असे तंत्रज्ञान कंपन्या म्हणतात. वाय-फाय ७ चा ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल खालच्या भागात एकच बसतो. त्यामुळे परदेशी जाहिरातींतला वेग इथल्या बहुमजली इमारतीत मिळेल का, याचे उत्तर या वादावर अवलंबून आहे.

दुसरा प्रश्न जुन्या यंत्रांचा. डब्ल्यूपीए३ सक्तीचे केले तर हजेरी मशीन जोडले जात नाही, आणि डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ दोन्ही चालू ठेवले तर नव्या सुरक्षेचा पूर्ण लाभ मिळत नाही. तिसरा प्रश्न नोंदींचा. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा गरजेपुरतीच माहिती घ्या म्हणतो. पाहुण्याचा मोबाइल नंबर घेऊन वाय-फाय देणाऱ्या छोट्या ऑफिसाने नेमके किती आणि किती दिवस ठेवावे, याचा सोपा नमुना अजून रूढ झालेला नाही. चौथा प्रश्न असा, की टेबलांवरच्या वायरी काढून ऑफिस पूर्ण बिनतारी करावे का. जागा वाचते हे खरे. पण सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे आणि व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली तारेवरच ठेवावी, हा सल्ला अजून टिकून आहे, कारण तारेवर नेलेले प्रत्येक यंत्र हवेतली गर्दी कमी करते.

निष्कर्ष

या सगळ्या चर्चेत यंत्राच्या ब्रँडचा वाटा सर्वात लहान आहे. मोजून ठरवलेली जागा, खऱ्या तांब्याची केबल, मोजक्या रुंदीचे चॅनेल, वेगळे केलेले पाहुण्यांचे नेटवर्क आणि सांभाळणारा एक ठरलेला माणूस, या पाच गोष्टी असतील तर मध्यम किमतीचा ॲक्सेस पॉइंट चांगले काम करतो. त्या नसतील, तर सर्वात महागडाही करत नाही. ऑफिसच्या वाय-फायवर खर्च करायला निघालेल्यांना म्हणून एवढेच सांगणे आहे : कोटेशन मागवताना ॲक्सेस पॉइंटच्या मॉडेलबरोबर मोजणीचा नकाशा, केबलचा प्रकार आणि काम संपल्यावर पत्ते, चॅनेल व पासवर्ड लिहिलेला कागदही मागा. जो ठेकेदार हे तिन्ही द्यायला तयार असेल, त्यालाच काम द्या.